त्याला भंगार म्हणू नका

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि तेही भांडायला.

परवा आमच्या दादाने फोनवर फर्मान काढलं. कळंब्याच्या घराचा वरचा मजला पाडायचाय, तर माळ्यावरचा व्हिडिओ गेम आणि तो जाडजूड टीव्ही भंगारवाल्याला द्यायचा. "खेळायचंच असेल तर सहाशे गेमवाला नवा डबा मागवू, नव्या टीव्हीला लागतो. तुझं आपलं उगाच नॉस्टॅल्जिया!"

नॉस्टॅल्जिया म्हटलं की समोरच्याचं तोंड बंद, असं हल्ली सगळ्यांना वाटतं. अहो, रॉकेलच्या स्टोव्हचीही मला आठवण येते, पण त्यावर चहा करा म्हणून मी कुणाच्या मागे लागत नाही. गेम मात्र दिवाळीत लावला, आणि आमचा अकरा वर्षांचा भाचा दोन तास मोबाईल विसरला. त्याला कुठल्या काळाची आठवण येत होती?

खोक्यावरचं नाव काही असो, आत नक्कल होती निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची. प्रोसेसर १.८ मेगाहर्ट्झच्या आसपास, कामाची मेमरी २ किलोबाइट. (हो, किलोच.) अख्खा सुपर मारिओ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. त्यात भागवायचं म्हणून ढग आणि झुडपं एकच चित्र, फक्त रंग वेगळा. नीट बघा, हसू येईल. आपण जिला कॅसेट म्हणायचो ती खरं तर रॉमच्या चिपा लावलेली पट्टी. ती खोचली की प्रोसेसर थेट तिच्यातूनच वाचतो, म्हणून बटण दाबलं की गेम चालू. अपडेट नाही, जाहिरात नाही, पैसे भरून जीव विकत घेणं नाही. कॉन्ट्राचे ३० जीवसुद्धा फुकट, बटणांचा क्रम पाठ असेल त्याला.

आता दादाचा 'नवा डबा'. त्यात आपली बदकांची बंदूक चालणार आहे का? नाही! घोडा ओढला की डक हंट क्षणभर पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो. बंदुकीतून काहीच सुटत नाही, उलट तिच्या नळीत उजेड ओळखणारा डोळा असतो. काळ्यानंतर पांढरं दिसलं तर बदक मेलं. (आधी काळा कशाला, तर बल्बकडे नेम धरणाऱ्या लबाडांसाठी.) हा हिशोब पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेला. नवा टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तोवर बंदुकीने 'चुकला' ठरवलेलं असतं. म्हणजे टीव्ही भंगारात गेला की बंदूकही गेली. तेवढ्यासाठी तो अवजड टीव्ही मला हवाय, त्याच्या रूपासाठी नव्हे.

दोष आहेत, कबूल. माल नकली होता. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' लिहिलेलं, आत मोजून दहाबारा गेम, तेच तेच फिरून. त्याबद्दल मी तेव्हाही रडलो होतो.

आणि दादा, तू ज्या फुंकरीसाठी गल्लीत प्रसिद्ध होतास ना, तिचा उपयोग शून्य होता. कॅसेट काढून परत खोचल्यामुळे पिना नीट टेकायच्या, श्रेय फुंकरीला. उलट तोंडातल्या ओलीने पिना गंजतात. आपली मारिओची कॅसेट कुणामुळे गेली, हे आता घरातल्या सगळ्यांनी वाचलेलं आहे :)

राहता राहिली आई. टँकच्या गेममध्ये, म्हणजे बॅटल सिटीत, तिने गरुडाभोवतीची भिंत शेवटपर्यंत सांभाळायची आणि आपण दोघांनी दुसऱ्या रिमोटसाठी मारामारी करायची. दिवाळीत ती मागून भाच्याला ओरडली, "अरे पुढं काय पळतोस, गरुड बघ की!" हातातली निवडायची मेथी तशीच. तिला विचारलंस का भंगारात द्यायचं ते? मी विचारलं. ती म्हणाली, टीव्ही खालच्या खोलीत आणा, जिना मला चढवत नाही.

शनिवारी दुपारपर्यंत पोचतोय. उचलायला दोघं लागतील, तेव्हा तूही ये. बंदुकीची वायर तुटलीय, सोल्डरिंगचं मी घेऊन येतो.