जित्या म्हशीचा पंचनामा

पूर ओसरला की महसूल खात्याचे कर्मचारी पंचनाम्याला निघतात. पडलेली भिंत, कुजलेला ऊस, मेलेले जनावर यांची नोंद होते. जनावर जगले असेल, तर त्या घराचे पशुधन सुरक्षित राहिले असे गृहीत धरले जाते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगतच्या कुरुंदवाडाने 2005, 2019 आणि 2021 चे महापूर सोसले आहेत. हे गृहीत किती पोकळ आहे, ते तेथील कोणत्याही गोठ्यात शिरल्यावर कळते.

पाणी उतरते, पण चारा परत येत नाही. नदीकाठच्या गवतावर गाळ बसतो. जनावर त्याला तोंड लावीत नाही. साठवलेल्या वैरणीला बुरशी येते. बुडालेल्या उसाचा शेंडा कुजतो, आणि ताज्या वाड्यासाठी कारखान्यांच्या हंगामाची वाट पाहावी लागते. ऑगस्टच्या पुरानंतर हे दोन-तीन महिने वैरण विकतच आणावी लागते. जमीनधारकाला निदान पिकाचे अनुदान मिळते. ज्या भूमिहीन कुटुंबाची म्हैस बांधावरच्या आणि काठावरच्या गवतावर जगते, त्याच्या नावे सातबारा नाही, म्हणून नुकसानही नाही! हे गवत बहुधा बायका कापून आणतात, आणि त्यांच्या या श्रमांना पंचनाम्यात रकानाच नसतो.

मेल्या म्हशीला मणभर दूध, असे आपल्याकडे म्हणतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022 साली सुधारलेल्या निकषांत मेल्या म्हशीला 37,500 रुपये आहेत. जित्या म्हशीला दिवसाला 80 रुपये, पण ती छावणीत असेल तरच. छावणीबाहेरच्या जनावरांसाठी हे निकष चाऱ्याच्या वाहतुकीचा खर्च मान्य करतात, चाऱ्याची किंमत नव्हे. गाडीभाडे सरकारचे, गाडीतला माल ज्याचा त्याने पाहावा! छावणी मोडून जनावर घरी परतते, तेव्हाच खरी टंचाई सुरू होते. ‘दावणीला चारा द्या’ ही दुष्काळी भागातील मागणी म्हणूनच पूरग्रस्तांचीही मागणी ठरते.

अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात इथिओपियातील पशुपालकांचे उदाहरण दिले आहे. तेथे गुरे मेली, आणि उरलेल्या गुरांची किंमतही धान्याच्या तुलनेत कोसळली. पशुपालक दोन्हीकडून बुडाला. पूरग्रस्त गावातही गती हीच. वैरण महागते, दुधाचे बिल आटते, अडलेली कुटुंबे एकदमच जनावर विकायला काढतात आणि व्यापारी भाव पाडतो. म्हैस जाते ती पुरात नव्हे, बाजारात. आणि बाजारात गेलेल्या म्हशीचा पंचनामा होत नाही.

अमेरिकेसारख्या भांडवली देशानेही 2008 च्या शेतीविषयक कायद्यात, अवर्षणाने चराईचा चारा गेल्यास जनावर जिवंत असतानाच मदत देण्याची योजना आणली. खाद्याच्या मासिक खर्चाच्या 60 टक्के, असा तिचा हिशेब आहे. मात्र मालकीची वा भाडेपट्ट्याची चराऊ जमीन असणाऱ्यालाच ती मिळते. त्यातले तत्त्व घ्यावे, जमिनीची अट टाकून द्यावी.

मदतीचे एकक हेक्टर नव्हे, जनावर आणि दिवस हे असले पाहिजे. कुटुंबामागे दोन-तीन जनावरांची मर्यादा हवी, नाहीतर मोठे गोठेवालेच रांगेत पुढे राहतील. खोट्या नोंदींची भीती दाखवली जाईल. छावण्यांच्या हिशेबांबाबत तक्रारी झाल्या नाहीत काय? जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला शासनानेच मारला आहे, रोजच्या दुधाची नोंद दूध संस्थेत आहे. या दोन्ही नोंदींवरून भूमिहीन पशुपालकांची यादी पावसाळ्यापूर्वीच तयार करून तहसीलदारांच्या हाती ठेवणे, एवढे काम तालुक्यातील कार्यकर्त्यांना आजच हाती घेता येईल.