कोलोगोची नवी सोयरीक

जुन्या संगीतांत नवें मिसळलें कीं जुनें बाटतें, अशी तक्रार वडीलधाऱ्या मंडळींकडून आम्ही नेहमीं ऐकतों. आणि जुनें टाकल्यावांचून नवें साधत नाहीं, असें तरुण मंडळी तितक्याच आवेशानें सांगतात. या दोन्ही पक्षांपुढें पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाच्या एका कलावंताचें उदाहरण ठेवावें, असें आमच्या मनांत आहे.

घानाच्या ईशान्य भागांत, बोल्गाटांगा शहराच्या आसपास, फ्राफ्रा लोकांची वस्ती आहे. कोलोगो हें त्यांचें वाद्य. अर्ध्या पोकळ भोपळ्यावर कातडें ताणून बसवावयाचें, त्यास एक काठी जोडावयाची आणि तिजवर दोन तारा चढवावयाच्या, एवढाच त्याचा सरंजाम. गायक तें स्वतःच वाजवितो आणि त्या साथीवर कोणाची स्तुति, कोणाची कानउघाडणी करतो. त्या मुलखाबाहेर हें वाद्य फारसें कोणाच्या कानीं पडत नसे.

किंग आयिसोबा हे तेथलेच गायक. लहानपणापासून हातीं असलेलें कोलोगो घेऊन ते राजधानी आक्रा येथें आले. तेथील तरुणांवर ‘हिपलाइफ’ची मोहिनी होती. अमेरिकेंतील हिप-हॉप, म्हणजे ठेक्यावर झरझर म्हटलेलें काव्य, आणि घानाचें ‘हायलाइफ’ संगीत यांच्या मिश्रणांतून १९९० च्या दशकांत तें उदयास आलें. त्यांतील लोकप्रिय गायक टेरी बोनचाका यांजबरोबर आयिसोबांनीं काम केलें. परंतु २००३ सालीं बोनचाका अकालीं वारले. पुढें २००६ मध्यें ‘बाबा, मला तुम्हांस पाहावयाचें आहे’ अशा अर्थाच्या नांवाचें आयिसोबांचें गीत देशभर गाजलें.

नव्या ठेक्यासाठीं त्यांनीं कोलोगोला तिसरी तार जोडली नाहीं, आपला घोगरा आवाज मऊ केला नाहीं, कीं फ्राफ्रा बोली सोडली नाहीं. कोलोगोचा जुना धर्म, म्हणजे चार शब्द सुनावणें, तोहि त्यांनीं पाळला. २०१४ मधील त्यांच्या गीतसंग्रहाचें नांवच मुळीं ‘दुष्ट पुढारी’ अशा अर्थाचें आहे.

शिवाय हा पाहुणा तरी कितपत परका? गुलाम करून अमेरिकेंत नेलेल्या आफ्रिकी लोकांनीं अशाच तंतुवाद्यांची आठवण बरोबर नेली. तिच्यांतून तेथें बँजो जन्मास आला. त्यांच्याच वंशजांच्या वस्तींत, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांत, १९७३ च्या सुमारास हिप-हॉप निपजलें. परदेशीं वाढलेली नात आजोळीं यावी, आणि बोलीचाली निराळी असूनहि आजीनें तिला चेहऱ्यावरून ओळखावें, तशांतलाच हा प्रकार होय.

वाद्य कपाटांत जपून ठेवल्यानें जगत नाहीं. त्याच्यापाशीं लोकांना सांगण्यासारखें कांहीं असावें लागतें. मात्र नव्याशीं सोयरीक जोडणाऱ्यास आपलें घर आधीं पुरतें ठाऊक हवें. तरुणांनीं प्रथम गुरूपाशीं बसावें, आणि मग वडिलांनीं खुशाल दार उघडावें, एवढेंच आमचें मागणें आहे.