फावल्या वेळाचा हिशेब

गेल्या महिन्यांत एक परिचित गृहस्थ सायंकाळचे आमच्याकडे आले होते. वय तिशीच्या आंतबाहेर, बुद्धि तरतरीत, आणि कोणतीहि वस्तु नजरेस पडली कीं ती कोणास व केवढ्यास खपेल हा विचार मनांत आपोआप सुरू व्हावा अशी संवय. चहाच्या तबकावरील क्रोशाचा रुमाल त्यांनीं उचलून न्याहाळला, मोबाइलवर त्याचें छायाचित्र घेतलें, आणि आमच्या घरच्या मंडळींस ते म्हणाले, "वहिनी, इतकें सुरेख काम करतां, आणि विकत कां नाहीं? इन्स्टाग्रामवर एक पान उघडा. महिन्याकांठीं चार पैसे सहज सुटतील." त्यावर जें उत्तर मिळालें तें फारच थोडें होतें. "विकायला लागलें, तर मग उद्यां करावेंच लागेल हो!" गृहस्थ हंसले, त्यांना तो विनोद वाटला. आम्हांस तो विनोद वाटला नाहीं. ह्या उत्तरांत एक सबंध विचारसरणी आहे, आणि ती हल्लीं इतकी दुर्मिळ झाली आहे कीं तिचा कैवार कोणीं तरी उघडपणें घ्यावयास हवा, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

हल्लीं कोणत्याहि सुखाकडे त्याच्या उत्पन्नाचा दाखला मागण्याची चाल पडली आहे. एखादीचा गळा गोड असला तर तिनें शिकवण्या धराव्या. कोणाच्या हातच्या चकल्या खुसखुशीत होत असल्या तर त्यानें दिवाळीच्या ऑर्डरी घ्याव्या. कोणास झाडांचा नाद असला तर त्यानें रोपवाटिका काढावी. असें सांगणारे लोक दुष्ट नसतात. आपण कौतुकच करीत आहों अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. परंतु ह्या कौतुकाच्या पोटांत एक अपमान दडलेला आहे. ज्या कामाचे पैसे येत नाहींत तें काम अजून पुरतें काम झालेलें नाहीं, असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. गैरसमज नको म्हणून येथेंच सांगून टाकतों. ज्या बाईला आपल्या हातच्या कलेवर पैसे मिळवावयाचे आहेत, मग ते गरजेपोटीं असोत वा हौसेनें, तिनें ते खुशाल मिळवावे, आणि घासाघीस न करतां तिला ते देणें हें आपलें कर्तव्य आहे. आमची तक्रार विकणाऱ्यांविरुद्ध नाहीं. न विकणाऱ्यांकडून जो खुलासा मागण्यांत येतो त्याविरुद्ध आहे.

मुळांत हें काम काय आहे तें पाहा. लोकरीच्या विणकामास दोन सुया लागतात, आणि सबंध ओळीचे टाके एकाच वेळीं सुईवर जिवंत असतात. सुई निसटली कीं ते ओघळतात. क्रोशाची सुई एकच, टोकाशीं आकडी असलेली. आणि काम केवढेंहि मोठें असो, सुईवर जिवंत टाका बहुधा एकच असतो. साखळी, मुका खांब आणि खांब, एवढ्या तीन अक्षरांवर ह्या कलेची जवळजवळ सारी बाराखडी उभी आहे. कुकरची शिटी झाली, दारावर कोणी आलें, आंतून सासूबाईंनीं हांक मारली, कीं तो एक टाका थोडा सैल ओढून ठेवून उठावें. तासाभरानें परत यावें तों काम होतें तेथेंच बसलेलें असतें. चूक झालीच तर दोरा ओढीत जावें. सारें उसवून पुन्हा गुंडी होते, दोरा फुकट जात नाहीं, आणि कोणापाशीं ओशाळावेंहि लागत नाहीं. ज्यांचा दिवस दुसऱ्यांच्या हांकांनीं तुकडे तुकडे झालेला असतो अशांसाठींच जणु ही कला घडली आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ही कला यंत्राला अद्याप साधलेली नाहीं. विल्यम ली नांवाच्या इंग्रजानें पायमोजे विणण्याचें यंत्र १५८९ सालीं केलें, म्हणजे दोन सुयांचें विणकाम यंत्राच्या ताब्यांत जाऊन चार शतकें होऊन गेलीं. परंतु खरें क्रोशाचें काम आजहि हातानेंच करावें लागतें. यंत्रावरचें जें कापड त्या नांवाखालीं खपतें तें दिसावयास तसें असतें, इतकेंच. तेव्हां बाजारांत अस्सल क्रोशाचा झगा एखाद्या सिनेमाच्या तिकिटाच्या किंमतींत मिळाला, तर यंत्र स्वस्त झालें असें समजूं नये. कोणाचा तरी हात स्वस्त झालेला आहे. ह्या हाताकडे आम्हांस पुढें परत यावयाचें आहे.

आमच्या लहानपणीं दुधाच्या पातेल्यावर असाच एक जाळीदार रुमाल असे. त्याच्या कडेला रंगीत मणी ओवलेले असत. मण्यांच्या वजनानें रुमाल वाऱ्यावर उडत नसे, जाळींतून वाफ निघून जाई, आणि माशीला मात्र आंत वाट नसे. रेडिओवर एक रुमाल असे, आणि पुढें दूरचित्रवाणीचा संच घरीं आल्यावर त्याच्याहि डोक्यावर एक चढला. ह्या शेवटच्या रुमालाची पुढच्या पिढीनें यथेच्छ थट्टा केली, आणि खरें सांगावयाचें तर ती अगदींच अस्थानीं नव्हती. परंतु दुपारीं भांडीं आवरल्यावर ओसरीवर जी सामसूम होई, एकीच्या हातांत आकडी, दुसरीच्या मांडीवर कापूस आणि वाती, मधूनच एखादें वाक्य, मग पुन्हा बराच वेळ कांहींच नाहीं, त्या सामसुमीची थट्टा आमच्यानें करवत नाहीं. वाती संध्याकाळीं जळून जात. अंगणांतली रांगोळी दुसरे दिवशीं झाडली जाई. तिच्या उत्पन्नाविषयीं कोणीं विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

आतां कांहीं लोक ह्या सुखाची बाजू घेतात, पण ती अशा रीतीनें कीं त्यापेक्षां विरोध बरा. डॉक्टर मंडळी म्हणतात, ह्यानें मन शांत होतें. होत असेल, ऑस्ट्रेलियांतील वोलोंगाँग विद्यापीठांतील संशोधकांनीं आठ हजारांहून अधिक विणणाऱ्यांस विचारलें, तेव्हां दहांपैकीं जवळजवळ नऊ जणांनीं तसें सांगितलें, हें २०२० सालीं प्रसिद्ध झालें आहे. पण मन शांत व्हावें म्हणून दहा मिनिटें विणावें, अशी गोळीसारखी मात्रा ठरली कीं संपलें! दुसरे म्हणतात, ही सामान्य गोष्ट नव्हे, हें गणित आहे. ह्या दाखल्याचा मोह मात्र आम्हां मास्तर लोकांस आवरत नाहीं. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत दाइना ताइमिन्या ह्या गणितज्ञ बाईंनीं १९९७ सालीं, कागदाचे नमुने फाटतात म्हणून, अतिपरवलयी पृष्ठभागाचा टिकाऊ नमुना क्रोशानें विणला. दर अमुक टाक्यांमागें एक टाका वाढवीत जावयाचें, एवढाच नियम. आणि त्यांतून लेट्यूसच्या पानासारखी, कडेला मुरडत जाणारी अशी एक आकृति तयार होते कीं जी युक्लिडच्या भूमितींत बसत नाहीं. गोष्ट मोठी मौजेची आहे, आणि आमच्या गणिताच्या सहकाऱ्यांस आम्हीं ती दोनदां ऐकविली. परंतु दुधावरचा रुमाल विणणाऱ्या बाईला युक्लिडच्या विरुद्ध साक्षीस उभें केल्याशिवाय तिची प्रतिष्ठा राहत नाहीं काय? २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्यें टॉम डेली हा पाणबुडीच्या उड्यांचा सुवर्णपदकविजेता प्रेक्षकांत बसून विणतांना दिसला, तेव्हां जगभरच्या वर्तमानपत्रांस केवढें आश्चर्य वाटलें! हजारों बाया तेंच करीत असतांना त्यांस कधीं वाटलें नव्हतें.

हे विरोधक किरकोळ आहेत. ज्या विरोधकासमोर आम्हांस खरोखर थांबावें लागतें ती एक स्त्री आहे. चार्ल्स लँबचे निबंध आम्ही गेलीं पंचवीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों. त्याची बहीण मेरी हिचा शिवणकामावरील निबंध मात्र आमच्या पाहण्यांत फार उशिरां आला. तो १८१५ सालीं 'ब्रिटिश लेडीज मॅगझीन'मध्यें टोपणनांवानें छापला गेला. लिहिणारी बाई हौशी नव्हती. तिनें तरुणपणीं अकरा वर्षें सुईवर पोट भरलें होतें. तिचें म्हणणें थोडक्यांत असें : पुरुषाच्या दिवसाचे दोन स्वच्छ भाग असतात, खरें काम आणि खरी विश्रांति. बाईच्या वांट्याला दोहोंपैकीं एकहि धड येत नाहीं, कारण तिचा प्रत्येक मोकळा क्षण सुई खाऊन टाकते. सुई आणि पुस्तक ह्यांचें वैर आहे. शिवाय सुखवस्तु घरच्या बाया वेळ घालविण्यासाठीं फुकट शिवतात, आणि तेंच काम मजुरीनें करणाऱ्या गरीब बाईच्या तोंडचा घास काढतात. तेव्हां पैसे घेतल्यावांचून कोणींच शिवूं नये.

हा वार हलका नाहीं, आणि तो आपल्याकडेहि लागू पडतो. आंध्र प्रदेशांत गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर म्हणून गांव आहे. एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं तेथील बायांस क्रोशाची लेस शिकविली, आणि पुढें ती परदेशीं जाऊं लागली. मारिया मीस ह्या जर्मन विदुषीनें त्या बायांवर लिहिलेलें पुस्तक १९८२ सालीं निघालें. तें वाचून आम्ही जितके लज्जित झालों तितके क्वचितच झालों असूं. हजारों बाया घरीं बसून दिवसाचे कित्येक तास निर्यातीसाठीं विणीत होत्या. पण त्यांना कामकरी म्हणण्यास कोणी तयार नव्हतें. त्या गृहिणी, आणि हें सारें त्यांच्या फावल्या वेळांतलें! एवढ्या एका शब्दावर त्यांची मजुरी चिमूटभर ठेवितां आली, आणि मधल्या व्यापाऱ्यांचीं घरें उभीं राहिलीं. त्या लेसीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. ठीक झालें, पण मानांकन लेसीला मिळतें, बोटांना नाहीं.

मग आम्ही कोणत्या तोंडानें फावल्या वेळाचा कैवार घ्यावयाचा? घ्यावयाचा तो ह्याचसाठीं, कीं नरसापुरांत जो चोरीला गेला तो खरा फावला वेळ नव्हताच. जें काम टाकून उठतां येत नाहीं, जें अमुक तारखेला पुरें झालें पाहिजे, ज्याचा नमुना दुसरा ठरवितो, तें घरांत बसून केलें तरी कामच होय, आणि त्याचे पुरे दाम मोजले पाहिजेत. मेरी लँबच्या काळीं शिवणयंत्र घरोघर आलेलें नव्हतें. घरचा एकूणएक सदरा, एकूणएक चादर बाईच्या बोटांनीं शिवली जाई. तिनें ज्याला शत्रु म्हटलें तें ते सक्तीचें शिवण होतें. आमच्या चहाच्या तबकावरचा रुमाल कोणीं मागितलेला नव्हता. तो तीन महिने अर्धवट पडून होता, दोनदां उसविला गेला, आणि मध्यंतरीं एक पावसाळा त्याच्या गुंडीशीं मांजर खेळलें. ह्या गोष्टी ज्या कामांत चालतात तेवढ्यांसच आम्ही सुख म्हणतों. "मग उद्यां करावेंच लागेल," ह्या घरच्या उत्तरांत हाच भेद सांगितलेला होता, आणि तो मीसबाईंचें पुस्तक न वाचतां सांगितलेला होता.

खरी अडचण आम्हांस दुसरीकडेच दिसते. आमच्या आज्यांच्या पिढीला नुसतें बसण्याची मुभा नव्हती. पुस्तक घेऊन बसणें तर त्याहून वाईट. रमाबाई रानडे ह्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत, लिहिण्यावाचण्यावरून घरांतल्या बायकांनीं त्यांना किती छळलें तें सांगितलें आहे. पुस्तक डोळ्यांत खुपे, हातांतली सुई खुपत नसे. बाळाचें टोपडें होत आहे, उशीच्या अभ्र्याला लेस होत आहे, एवढें दिसलें कीं कोणी बोलत नसे. म्हणजे कित्येक बायांनीं विश्रांति घेतली ती उपयुक्ततेचें सोंग घेऊन. शंभर वर्षें गेलीं, बाया शिकल्या, मिळवूं लागल्या. आणि आतां त्यांच्यापाशीं सोंग मागतात तें उत्पन्नाचें. नुसतें बसण्याची मुभा अजून नाहींच!

आम्हां पुरुषांकडे पाहा. आम्ही सकाळीं दोन वर्तमानपत्रें वाचतों, तींतील निम्मा मजकूर एकच असतो हें ठाऊक असून वाचतों. क्रिकेटचा सामना पांच पांच दिवस पाहतों, आणि तो अनिर्णित राहिला तरी समाधानानें उठतों. आमच्या ह्या उद्योगाची ऑर्डर घ्यावी असें आजवर एकाहि अतिथीनें सुचविलेलें नाहीं, त्याचा आमच्या प्रकृतीस काय लाभ होतो हें कोणत्याहि विद्यापीठानें मोजलेलें नाहीं. आमची विश्रांति आपल्या पायांवर उभी असते. घरच्या बाईची मात्र कोणाच्या तरी शिफारसपत्रावांचून दारांत येऊं शकत नाहीं. ज्या गृहस्थांवरून हा लेख सुरू झाला त्यांना आम्ही दोष देत नाहीं. तसलाच प्रश्न दहा वर्षांपूर्वीं आम्हींच विचारला होता, तेव्हां फक्त इन्स्टाग्रामऐवजीं महिला मंडळाच्या प्रदर्शनाचें नांव घेतलें होतें.

ह्यावर कोणी म्हणेल, ही खाऊनपिऊन सुखी असलेल्यांची चैन झाली. एक सुई आणि दोऱ्याची गुंडी ह्यांना फार पैसे पडत नाहींत. महाग असतो तो वेळ, आणि तो कोणाला तरी दुसऱ्याला द्यावा लागतो. गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हीं स्वतः साखळी घालावयास शिकलों. चौकोनी रुमाल योजला होता, तो ओळीगणिक टाके गळत जाऊन त्रिकोणी झाला, आणि तो सध्यां चष्मा पुसावयास उपयोगी पडतो. त्यानंतर घरांत असें ठरलें कीं ज्याला विणतां येतें त्यानें विणावें, आणि ज्याला येत नाहीं त्यानें रविवारीं दुपारचा चहा करावा. तेव्हांपासून चहा आम्ही करतों. साखर जास्त पडते अशी तक्रार आहे. ती रास्त आहे.