गोटमार आणि जामसावळी

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्याच पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, पण पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. आपण घरात मराठी, बाजारात कानडी. ते घरात मराठी, कचेरीत हिंदी! आपण कारहुणवीला बैल सजवतो, त्यांचा पोळा पिठोरी अमावास्येला असतो आणि दुसऱ्या दिवशी गोटमार.

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. नदीत पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. तो काढायला पांढुर्ण्याची माणसं पाण्यात उतरली की दोन्हीकडून दगड सुटतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात, कित्येकांचे जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांकडेच वळले. शेवटी झेंडा चंडीमातेला वाहतात.

वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारलं, ‘‘सर, श्रद्धा नसेल तर माणूस दगड कशाला खाईल?’’ प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. दगड खाणाऱ्याचं धाडस मी नाकारत नाही. पण मारणाऱ्याचं काय? त्याला कोणती श्रद्धा लागते? प्रथा मोडली तर देव कोपेल, ही भीती आपल्याकडच्या जत्रांतही ऐकू येते. जिला आपण आई म्हणतो, तिच्याविषयी इतका अविश्वास? माझ्या मते देवीवर खरा भरवसा असलेला माणूस दगड खाली ठेवू शकतो. ती समजून घेईल हे त्याला ठाऊक असतं. बाराव्या शतकात बसवण्णांनी देवाच्या नावाने चाललेल्या रूढींना प्रश्न विचारले, त्यांना नास्तिक कोण म्हणेल?

त्याच जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात जामसावळीला निजलेला मारुती आहे. मनाने आजारी माणसांना घेऊन नातेवाईक तिथे येतात. डॉक्टरांचे औषध बंद करून कोणी येऊ नये, हे आधीच सांगतो. पण जे घरच्या वेड्या म्हटल्या गेलेल्या माणसाला कोंडून न ठेवता सोबत आणतात, त्याला आंघोळ घालतात, जेवू घालतात, आणि गुण आला नाही तरी हात धरूनच परत नेतात, त्यांच्यापुढे मी गप्प होतो.