देश बघून दार लावू नका!

सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

रशियाने युक्रेनवर लादलेलं युद्ध हा गुन्हा आहे. त्याचा निषेध व्हायलाच हवा. आमचं भांडण निषेधाच्या एका तऱ्हेशी आहे. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये चार ओळी टाकायच्या, येणाऱ्याचा आयपी पत्ता कुठल्या देशातला हे डेटाबेसला विचारायचं आणि उत्तर 'आरयू' आलं की ४०३ दाखवून त्याला वाटेला लावायचं. फेब्रुवारी २०२२ नंतर अनेकांनी हेच केलं.

हा ४०३ कुणाच्या वाट्याला येतो? क्रेमलिनच्या नक्कीच नाही. सरकारी यंत्रणा दुसऱ्या देशातला सर्व्हर भाड्याने घेऊन बिनदिक्कत आत येते. अडतो तो कझानमधला विद्यार्थी. अडते युद्धाची खरी बातमी शोधणारी शिक्षिका. ४ मार्च २०२२ला रशियात सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवणाऱ्याला पंधरा वर्षांपर्यंत कैदेचा कायदा झाला. फेसबुकही त्याच दिवशी बंद केलं गेलं. पुतिन आतून कडी घालत होते, तेव्हा आपण बाहेरून घातली!

आणि आयपी पत्ता म्हणजे पासपोर्ट नव्हे. त्याच वर्षी रशियाने व्यापलेल्या खेरसोनचं इंटरनेट रशियन जाळ्यातून वळवण्यात आलं. तिथे रशियन सिमकार्ड घेण्याची पाळी आलेला युक्रेनियन माणूस तुमच्या डेटाबेसला रशियनच दिसणार. ज्याच्यासाठी निषेध, त्याच्याच तोंडावर तुमचं दार आपटतं.

ही वाट कुठवर जाते तेही पाहून घ्या. मार्च २०२२मध्ये 'नोड-आयपीसी' या मुक्त पॅकेजच्या कर्त्याने त्यात गुपचूप कोड घातला. पत्ता रशियाचा किंवा बेलारूसचा निघाला की त्या संगणकातल्या फायली पुसून त्यांच्या जागी हृदयाचं चिन्ह लिहिलं जाई. शांततेच्या नावाने केलेली ही निव्वळ नासधूस होती.

रशियाची डोमेन रद्द करा, अशी मागणी युक्रेनने इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेकडे केली होती. डोक्यावर बॉम्ब पडत असताना केलेल्या मागणीला आम्ही बोल लावणार नाही. पण आयकॅनने नकार दिला, तो योग्यच होता.

तुमच्या सर्व्हरवर हल्ला होत असेल, तर हल्ला करणारे पत्ते खुशाल अडवा. रशियन सरकारी कंपन्यांचं काम घेऊ नका, पैसा नाकारा. पण 'आरयू'ची ती ओळ आजच काढा. तिच्या जागी पानाच्या माथ्यावर, रशियन भाषेत, बूचा आणि मारिउपोलमध्ये काय घडलं ते लिहा. तिथल्या लोकांना ते वाचू द्या.