विमान इतके नाजूक नसते



विमानाचा पत्रा फाटला की सर्व कारभार आटोपला, या गतांकातील पत्रलेखकांच्या विधानास माझी नम्र हरकत आहे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तिरुचिरापल्लीहून दुबईस निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ विमान, उड्डाणसमयी विमानतळाच्या कुंपणभिंतीस धडकून पोटाखालचा पत्रा फाटला असताही, १३६ जिवांसह सुमारे चार तास उडत राहून मुंबईस सुखरूप उतरले. कारण सांगाड्याचा भार अनेक वाटांनी विभागलेला असतो आणि एक तुटली तरी शेजारची तो तूर्त पेलते. तथापि यंत्रे यथास्थित दिसतात एवढ्या भरवशावर इतका वेळ उडत राहणे इष्ट होते काय, हा सवाल अलाहिदा. फाटलेला पत्रा काही काट्यांवर उमटत नाही, आणि त्या मुद्द्यावर पत्रलेखक महाशयांनी लेखणी उचलल्यास मी त्यांच्याच बाजूस असेन.

— एक वाचक, माजिवडा, ठाणे