बीडला बिहार म्हणणाऱ्यांना

मध्यंतरी उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिरातील कार्यक्रम आटोपून आम्ही बाहेर उभे होतो. पुण्याहून आलेले एक स्नेही सहज म्हणाले, "तुमच्या बीडचा पार बिहार झाला हो!" आम्ही मूळचे केज तालुक्यातले. पोटापाण्यासाठी या शहरात आलो, त्याला आता चाळीस वर्षे झाली. स्नेह्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. म्हणूनच ते वाक्य अधिक लागले.

मस्साजोग आमच्याच तालुक्यातले. तेथील सरपंच संतोष देशमुख यांचा 9 डिसेंबर 2024 रोजी अपहरण करून निर्घृण खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांच्या निकटवर्तीयाचे नाव आरोपपत्रात मुख्य आरोपी म्हणून आले आणि 4 मार्च 2025 रोजी मुंडे यांना मंत्रिपद सोडावे लागले. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. परंतु सत्तेच्या सावलीत गुंडगिरी पोसली गेली, हे नाकारण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. जन्मभूमीच्या अभिमानापोटी पुढाऱ्यांची पापे झाकणे हा त्या भूमीशीच द्रोह होय.

मात्र त्या खुनाला वाचा कोणी फोडली? मुंबईच्या सचिवालयाने नव्हे. मस्साजोगच्या ग्रामस्थांनी 1 जानेवारी 2025 रोजी तलावात उतरून आंदोलन केले. त्याआधी, 28 डिसेंबरला, बीड शहरात प्रचंड मोर्चा निघाला होता. ज्यांना त्याच गावात राहायचे आहे, त्याच पोलीस ठाण्याची पायरी चढायची आहे, ती ही माणसे. त्यांनाच आरोपींच्या पंक्तीस बसवणे हा कोणता न्याय?

आणि बिहार ही काय शिवी आहे? 1974 साली भ्रष्टाचाराविरुद्ध देश हलवला तो बिहारच्या विद्यार्थ्यांनी आणि जयप्रकाशांनी. मुख्यमंत्रिपद भूषवूनही ज्यांनी मागे इस्टेट म्हणून काही ठेवले नाही, ते कर्पूरी ठाकूर बिहारचेच. त्याच 1974 मध्ये मराठवाड्याची तरुण पोरे विकास आंदोलनात रस्त्यावर होती. तेव्हा बीडला बिहार म्हणणाऱ्याने दोन प्रदेशांची क्षमा मागावयास हवी.

बीडचा मतदार विकला जातो, हेही नेहमी ऐकवले जाते. 1967 साली याच मतदाराने क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेत पाठवले. नाना साताऱ्याकडचे, येथे त्यांचे ना गणगोत, ना साखर कारखाना. 1977 साली मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. ही माणसे पैशाच्या बळावर दिल्लीला गेली, असे त्यांच्या शत्रूनेही कधी म्हटले नाही. मग पुढे काय बदलले? रक्त तर तेच आहे!

बदलले ते जगण्याचे साधन. कोरडवाहू शेती आतबट्ट्याची झाली आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या फडात जाऊ लागली. मुकादमाची उचल घेतलेल्या माणसाला मुकादमापुढे बोलता येत नाही. आणि मुकादम पुढाऱ्याचा माणूस असला, म्हणजे पुढाऱ्यापुढेही बोलता येत नाही. वर्षाचे पाच-सहा महिने गावात म्हातारे आणि लेकरे उरतात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत जमाखर्चाची वही मागणारा माणूस त्या वेळी कोल्हापूर-सांगलीच्या फडात मोळ्या बांधत असतो. 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला, ऐन गळीत हंगामाच्या तोंडावर झाली. गावच्या सत्तेवर ज्यांनी पहारा ठेवायचा, त्यांनाच गावाबाहेर काढणारी ही व्यवस्था एकट्या बीडने उभी केलेली नाही. आमच्या स्नेह्यांच्या चहातही तिची साखर आहे.

बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. तीन दशके मार्ग रखडला. ठाणेदार नेमणे, त्याची बदली करणे, निधी सोडणे वा अडवणे या साऱ्या गोष्टी मुंबईत ठरतात. जिल्ह्यातला सुभेदार माजतो, तो मुंबईतल्या कोणाला तरी त्याचे आमदार हवे असतात म्हणून. बीडची चौकशी जरूर व्हावी, पण ती परळी-केजच्या वेशीपाशी थांबू नये. ज्यांनी अशा सुभेदारांना मंत्रिमंडळात घेतले, त्यांच्या दारापर्यंत जावी.

आमचे एवढेच मागणे आहे की, ऊसतोड कामगार गावी परतल्यावर, मे-जूनमध्ये, प्रत्येक गावात खास ग्रामसभा घ्यावी आणि वर्षाचा जमाखर्च तीत वाचून दाखवावा. खर्च काहीच नाही. स्नेह्यांना हे सांगितले. ते म्हणाले, "पण लोक बोलतील का?" मस्साजोगचे लोक कोणाच्या परवानगीने बोलले होते, असे आम्ही त्यांना विचारले.